बटण बंद, तरी मीटरवर ८७ व्होल्ट

गेल्या पावसाळ्यात लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकूंना स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब काढून एलईडीची पट्टी लावायची होती. त्यांचा भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून नवाकोरा डिजिटल मल्टीमीटर घेऊन तो आला. ट्यूब उतरवली, बटण बंद केलं, छतातून लोंबणाऱ्या दोन वायरींना मीटरचे प्रोब लावले आणि तसाच स्टुलावरून खाली उतरून मला बोलवायला आला. "काका, बटण बंद आहे, तरी ८७ व्होल्ट येतोय. आणि येतोयच, तर पूर्ण २३० का नाही येत?"

तीस वर्षं मी वायरमनचं काम केलं. त्यातला दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरं उत्तर त्यातच असतं. वायर एकतर जोडलेली असते किंवा तुटलेली. मग हे ८७, ११५, ४० असे मधले आकडे येतात कुठून? ते समजलं की घरातली निम्मी कोडी बसल्या जागी सुटतात.

मीटरचा स्वभाव आधी समजून घेऊ. साधा डिजिटल मीटर एसी व्होल्टवर ठेवला की त्याचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सुमारे १ कोटी ओहम असतो. २३० व्होल्टला लावला तरी तो अँपिअरचा अगदी नगण्य अंश ओढतो. मुद्दामच तसा बनवलेला असतो, कारण मोजताना मोजल्या जाणाऱ्या गोष्टीला धक्का लागू नये. पण याचा अर्थ असा की मीटरला आकडा दाखवायला मागे ताकद असावीच लागते असं नाही. ८७ व्होल्टला त्याच्यातून जाणारा करंट किती? एका अँपिअरचे दहा लाख भाग करा आणि त्यातले जेमतेम नऊ घ्या. ६० वॅटचा साधा बल्ब याच्या सुमारे तीस हजार पट करंट घेतो.

एवढासा करंट बंद वायरीत येतो कसा? छतापर्यंत जाणाऱ्या वायरी एकाच पाइपातून किंवा लाकडी पट्टीवरून एकमेकींना चिकटून जातात. मधे फक्त पीव्हीसीचा थर. दोन धातू आणि मधे करंट न वाहणारं काहीतरी, म्हणजे कपॅसिटर. पंख्यात असतो तोच, फक्त हजारो पटींनी लहान. बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीला कपॅसिटर भिंत असतो, पण आपला सप्लाय सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो आणि प्रत्येक वेळी थोडासा करंट पलीकडे ढकलतो. बटणाने तोडलेली वायर अधांतरी असते, तिला कुणी धरून ठेवलेलं नसतं. एका बाजूच्या फेजने, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीने, तिला थोडं वर ओढलं, दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलने, म्हणजे परतीच्या वायरीने, थोडं खाली, आणि ती मधेच कुठेतरी तरंगत राहिली. वायर किती लांब, किती जवळून गेलीय, भिंत किती ओली, यावर आकडा ठरतो. म्हणून तो आज ८७ असेल आणि उद्या ६४.

अशा आकड्याला मी पोकळ व्होल्टेज म्हणतो. तो ओळखायचा उपाय जुन्या वायरमनच्या पिशवीत कायम असायचा: होल्डर, त्यातला ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब, आणि दोन वायरी. त्याला आम्ही टेस्ट लॅम्प म्हणतो. मीटर जिथे लावलाय तिथेच हा लॅम्प जोडायचा. ६० वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे ८८० ओहम, थंड असताना त्याहून कितीतरी कमी. एवढा भार पडला की पोकळ व्होल्टेज लगेच शून्यावर बसतं. खरा सप्लाय असेल तर बल्ब पेटतो आणि मीटर २३० च्या आसपास टिकून राहतो. एलईडीचा बल्ब मात्र इथे उपयोगाचा नाही, कारण त्याच्या आतल्या सर्किटला थेंबभर करंटही पुरतो. रात्री बटण बंद असताना काही एलईडी मंद पेटलेले राहतात किंवा मिनिटाला एकदा डोळा मारतात, ते याच पोकळ करंटवर. आतला छोटा कपॅसिटर हळूहळू भरतो, भरला की एकदा चमकतो, पुन्हा रिकामा होतो. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा करंटही हेच करतो.

काकूंच्या छताला मी टेस्ट लॅम्प लावला. ८७ चा शून्य झाला. भाचा खूश होऊन वायरींना हात घालायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं. का धरलं ते शेवटी सांगतो, कारण त्याआधी आणखी एक गोष्ट पक्की व्हायला हवी.

दोन्ही भोकांत फेज

मुंबईत वायरमनला सगळ्यात जास्त वेळा ऐकावी लागणारी तक्रार म्हणजे "डबल फेज येतोय". घरातलं निम्मं काही चालत नाही, आणि सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर घातला तर दोन्हीकडे पेटतो. लोक म्हणतात, कंपनीने दोन फेज सोडले. मग कुणीतरी मीटर आणतो, दोन भोकांमध्ये लावतो, आणि मीटर दाखवतो शून्य! टेस्टर म्हणतो दोन्हीकडे वीज आहे, मीटर म्हणतो काहीच नाही. खोटं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलतायत. मीटर वायरीतली वीज मोजत नाही, दोन जागांमधला फरक मोजतो. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या आहेत. एका खोलीतून दुसरीत जाताना एकही पायरी लागत नाही, पण दोन्ही खोल्या जमिनीपासून तीन मजले उंच आहेत. टेस्टर तुमच्या शरीरातून जमिनीशी तुलना करतो. मीटरने तुम्ही फक्त खोली ते खोली मोजलंत.

झालेलं असतं ते असं: न्यूट्रल कुठेतरी तुटलाय. फेज सॉकेटपर्यंत नीट येतोय. घरात फ्रिज चालू आहे, नाहीतर एखादा दिवा चालू ठेवलाय. फेज त्या दिव्याच्या एका टोकाने आत शिरतो, दुसऱ्या टोकाने बाहेर पडून न्यूट्रलच्या वायरीत येतो आणि पुढे रस्ता बंद म्हणून तिथेच थांबतो. परतीची वायरच आता फेजच्या पातळीला जाऊन बसते. खात्री करायची असेल तर घरातलं प्रत्येक बटण बंद करा, प्रत्येक प्लग काढा आणि मग टेस्टर लावा. न्यूट्रलकडचा उजेड गेला किंवा अगदी मंद झाला, तर न्यूट्रल तुटलाय, दुसरा फेज वगैरे काही नाही.

न्यूट्रल सापडायचा कुठे? जुन्या इमारतींमध्ये मी आधी मेन बोर्डावरच्या चिनीमातीच्या फ्यूजकडे जातो. पूर्वी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्हीकडे किटकॅट फ्यूज बसवत. न्यूट्रलचा उडाला आणि फेजचा शाबूत राहिला की नेमकं हे चित्र तयार होतं: घर अंधारात, पण प्रत्येक वायर जिवंत. अशी पद्धत अजून ज्यांच्या घरी आहे त्यांनी न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथे सरळ जोडणी करून घ्यावी, किंवा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्यावा. हे मी कळकळीने सांगतो. अंधार झाला म्हणून वीज गेली समजून माणूस बोर्ड उघडतो.

फ्यूज ठीक असेल तर शोध सोपा आहे. ज्या बोर्डापर्यंत सगळं चालतंय तो शेवटचा, आणि ज्यापासून चालत नाही तो पहिला. दोष या दोघांच्या मधल्या एखाद्या जोडात असतो, बहुतेक वेळा स्क्रूखाली.

टेस्टरबद्दल एक गोष्ट. त्यातला निऑन दिवा फार कमी करंटवर पेटतो, म्हणून तो पोकळ व्होल्टेजवरही पेटतो. उलट कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असाल, किंवा खिडकीतून ऊन येत असेल, तर खऱ्या फेजवरही तो दिसला-न दिसल्यासारखा पेटतो. टेस्टर पेटला नाही म्हणून वायर मेलेली आहे असं कधीच धरू नये.

इमारतीचा न्यूट्रल तुटला तर

हा प्रकार क्वचित होतो, पण झाला की एका झटक्यात दहा-वीस घरांतले टीव्ही जातात. इमारतीत तीन फेज येतात आणि घरं त्यांच्यावर वाटलेली असतात. कुठल्याही एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट, पण दोन फेजांमध्ये ४००. मीटर रूममध्ये किंवा येणाऱ्या केबलमध्ये मुख्य न्यूट्रल सुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांमागे जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी मात्र समान नसते.

समजा एका घरात २००० वॅटचा गीझर चालू आहे आणि दुसऱ्या फेजवरच्या घरात फक्त २०० वॅटचे दिवे. दिव्यांचा रोध गीझरच्या दहापट, म्हणून व्होल्टेजही दहापट त्यांच्या वाट्याला: दिव्यांवर सुमारे ३६४ व्होल्ट, गीझरवर जेमतेम ३६. ज्याने कमी वीज वापरली त्याचंच सामान जळतं. एकाच इमारतीत काही घरांचे दिवे झगझगीत आणि काहींचे मिणमिणते दिसले, किंवा घरात काहीही न बदलता दिवे अचानक जास्त उजळले, तर मीटर शोधत बसू नका. मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांनाही हाका मारून सांगा, आणि वीज कंपनीला फोन करा. शहर भागात बेस्ट, बहुतेक उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. हे घरच्या पेचकसाने सुटणारं काम नाही.

अगदी बरोबर २३०, आणि तरी धोका

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बरोबर दिसणाऱ्या आकड्याची. गीझर नीट तापत नाही म्हणून मीटर लावतात, मीटर २३० दाखवतो आणि लोक गीझर दुरुस्तीला देतात. मीटरने किती करंट मागितला? जवळजवळ काहीच नाही. सकाळी नळाच्या तोंडावर बोट दाबून धरलं तर दाब लागतो, पण बोट काढल्यावर बादली भरायला अर्धा तास लागतो. पाइप कुठेतरी गाळाने भरलाय. तो गाळ बोटाला कळत नाही, बादलीला कळतो.

वायरिंगमधला गाळ म्हणजे लूज कनेक्शन. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी असतील तर ते आणखी वाईट, कारण स्क्रूखाली दाबलेलं ॲल्युमिनियम हळूहळू सरकतं आणि पकड ढिली होते. समजा अशा एका जोडाचा रोध फक्त १ ओहम झाला. २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे त्या जोडावर ८.७ व्होल्ट गळाले, आणि तिथे सुमारे ७५ वॅटची उष्णता तयार झाली. वाटाण्याएवढ्या पितळी टर्मिनलमध्ये, बंद प्लॅस्टिकच्या बोर्डात. करंट एमसीबीच्या मर्यादेतच असतो, म्हणून एमसीबी पडत नाही. बोर्ड पिवळा पडतो, जळकट वास येतो, आणि मग एक दिवस पेट घेतो.

म्हणून व्होल्टेज दोनदा मोजायचं: एकदा भार नसताना, एकदा भार चालू असताना, त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटवर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम. गीझरपर्यंत जाऊन-येऊन ३० मीटर वायर धरली तर दोन-अडीच व्होल्टपेक्षा जास्त पडायचं कारण नाही. इमारतीतल्या मोठ्या केबलमध्येही थोडं पडतं, म्हणून एकूण चार-पाच व्होल्ट मी सोडून देतो. पंधरा-वीस पडले तर तो बोर्ड वापरणं थांबवतो.

दोष फेजकडे आहे की न्यूट्रलकडे, हेही मीटर सांगतो, अर्थिंग चांगलं असेल तर. न्यूट्रल सबस्टेशनमध्ये जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे घरात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट दिसणं साहजिक आहे. गीझर लावल्यावर ते एकदम बारा-पंधरावर गेलं तर न्यूट्रलचा कुठलातरी जोड ढिला आहे. ते जागेवरच राहिलं आणि फेज-न्यूट्रल मात्र पडलं, तर फेजकडे शोधा.

११५ आणि ११५

फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ ११५, न्यूट्रल ते अर्थ ११५. हे तीन आकडे एकत्र दिसले की बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच असतो: अर्थची वायर जमिनीपर्यंत जातच नाही. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन अशा यंत्रांच्या आत विजेतली खरखर गाळण्यासाठी दोन सारखे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीकडे आणि एक न्यूट्रलपासून बॉडीकडे. अर्थ नसेल तर बॉडी या दोघांच्या बरोबर मधे लोंबकळते, म्हणून निम्मे व्होल्ट. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या याच. एवढ्याने जीव जात नाही, पण उद्या गीझरचं कॉइल फुटलं तर बॉडीवरची वीज वाहून न्यायला रस्ता नाही, ही बातमी त्या मुंग्या देत असतात.

गिरगाव-परळच्या कितीतरी जुन्या खोल्यांत वायरिंग झालं तेव्हा अर्थची वायर टाकलीच नव्हती. नंतर तीन पिनांची सॉकेटं बसली आणि वरचं मोठं भोक आतून रिकामंच राहिलं. त्यावर काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून टाकतात. मीटर मग छान शून्य दाखवतो. कृपा करून हे कुणाला करू देऊ नका. वर सांगितल्याप्रमाणे न्यूट्रल तुटला की फ्रिजची, वॉशिंग मशीनची बॉडी थेट २३० वर जाते. नळाच्या पाइपला अर्थ जोडणं तितकंच वाईट: मधे प्लॅस्टिकचा पाइप आला असेल तर ती वीज खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या नळात उतरते. फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग तपासायलाही घरच्या माणसाने जाऊ नये. अर्थ तुटलेलं असेल तर बल्बमधून गेलेला फेज घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर पोचतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थ ओढून घ्या. सोसायटी पैसे मंजूर करेपर्यंत निदान ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची तुलना करतो, त्यामुळे अर्थ नसतानाही माणसाला शॉक बसला तर सप्लाय तोडतो.

पंख्याच्या रेग्युलेटरचंही एक पटकन सांगतो, कारण त्यात पैसे वाया जातात. पंखा सोडवून वायरींवर मीटर लावला की एक नंबरवरही २३० आणि पाचवरही २३०. रेग्युलेटर गेला म्हणून लोक नवा आणतात. त्याच्या आतले कपॅसिटर पंख्याचा करंट अडवण्यासाठी असतात. पंखाच नाही तर अडवणार काय? पंखा जोडून मोजा.

आता काकूंचं छत. टेस्ट लॅम्प लावून शून्य आला होता, म्हणजे त्या दोन वायरींमधलं व्होल्टेज पोकळ होतं. दोन वायरींमधलं. जमिनीशी त्यांचं नातं काय, हे आम्ही अजून विचारलंच नव्हतं. मी भाच्याला मेन बोर्डावरच्या अर्थपासून एक लांब वायर ओढायला लावली. तिला मीटरचा काळा प्रोब, आणि लाल प्रोब छतावरच्या एकेका वायरीला. पहिलीवर काहीतरी अधांतरी आकडा आला आणि टेस्ट लॅम्प लावताच बसला. दुसरीवर २३१. लॅम्प लावला तर लख्ख पेटला. बटण बंदच होतं.

कधीकाळी कुणीतरी बटणातून फेजऐवजी न्यूट्रल फिरवला होता. बटण बंद केल्यावर ट्यूब विझायची, म्हणून कुणाला शंका आली नाही, पण फेज कायम छताशी हजर होता. पावसात ओल्या भिंतीला हात टेकून ट्यूब बदलणाऱ्या काकू इतकी वर्षं त्याच्याशेजारी बोटं नेत होत्या.

आम्ही दारापाशी जाऊन मेन स्विच पाडला. मीटर आधी गॅलरीतल्या चालू सॉकेटला लावून तो जिवंत आहे हे पाहिलं, मग छतावरच्या दोन्ही वायरी अर्थशी मोजल्या, मग पुन्हा गॅलरीच्या सॉकेटवर येऊन मीटर मधेच मेला नाही ना हे बघितलं. त्यानंतर बोर्ड उघडला. बटणातल्या दोन्ही वायरी काळ्या निघाल्या, लाल वायर बाजूने सरळ वर गेलेली. अदलाबदल करायला वीस मिनिटं लागली. भाच्याने पट्टी बसवली, मेन चढवला, बटण बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही टोकांना अर्थशी मोजलं आणि मला आकडे ओरडून सांगितले: ३ आणि १.